नळदुर्गचे टेलरसाहेब

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नळदुर्ग लागते. आमच्या शाळेच्या सहली तेथे पुष्कळदा जातात. बोरी नदीस पाणी आले म्हणजे किल्ल्यातील धरणावरून दोन धारा खाली कोसळतात. लोक त्यांस नर आणि मादी म्हणतात. त्या धरणाच्या पोटातच पाणीमहालाची दालने आहेत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, इ. स. १६१३ च्या सुमारास, हे काम झाले. मुले धारा पाहतात, महालाच्या खिडकीतून अंगावर तुषार घेतात आणि मग डबे उघडतात. अशाच एका सहलीत एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, बादशाही बुडाल्यावर एवढ्या मोठ्या किल्ल्यात राहत तरी कोण होते? आम्ही त्यास सांगितले की, इतरांबरोबर एक इंग्रज गृहस्थही काही वर्षे येथे राहत होते. पंधराव्या वर्षापूर्वीच त्यांची शाळा सुटली होती आणि तरी ते ह्या जिल्ह्याचे न्यायाधीश, मोजणीदार व इंजिनियर सर्व काही होते. मुलास ते खरे वाटले नाही. त्याची शंका फेडावी म्हणून हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी झाला. वडील व्यापारी होते. घरची सांपत्तिक स्थिती खालावल्यामुळे मुलास लवकरच शाळा सोडून एका पेढीवर कारकुनीस बसावे लागले. पुढे मुंबईतील एका इंग्रज व्यापाऱ्याने त्यास आपल्या पेढीत घेण्याचे व कालांतराने भागीदार करण्याचे आश्वासन दिले. त्या भरवशावर पंधरा वर्षांचा हा मुलगा एकटा जहाजावर चढला. १८२४ साली मुंबईस उतरून पाहतो तो पेढी डबघाईस आलेली! परत जाण्याची सोय नव्हती. सुदैवाने मुंबई सरकारात वरिष्ठ पदावर असलेले एक नातलग कामास आले, आणि त्यांच्या खटपटीने त्यास हैदराबादच्या निजामाच्या फौजेत हुद्दा मिळाला. अशा रीतीने सोळा वर्षांचे हे लेफ्टनंट औरंगाबादेस जाऊन पलटणीत दाखल झाले.

येथे थोडे थांबून त्या काळची एक व्यवस्था सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून टेलरसाहेबांचे वेगळेपण ध्यानात यावयाचे नाही. कंपनी सरकारच्या मुलकी अधिकाऱ्यांस कामापुरत्या विद्या व भाषा शिकविण्यासाठी दोन मोठी विद्यालये होती. कलकत्त्याचे फोर्ट विल्यम कॉलेज १८०० साली निघाले आणि इंग्लंडात हेलिबरीचे कॉलेज १८०६ साली निघाले. फोर्ट विल्यममध्ये मिशनरी विल्यम केरी हे बंगाली, संस्कृत आणि आपली मराठी ह्या भाषा शिकवीत. केरी मूळचे चांभारकाम करणारे. तेही बहुतांशी आपल्या आपणच शिकलेले. त्यांनी पंडित वैजनाथ यांच्या साह्याने मराठीचे व्याकरण १८०५ साली छापले व १८१० साली मराठी कोश काढला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. मोडीत का, असा प्रश्न पडेल. कारण सरळ आहे. जो तरुण अधिकारी हा कोश हाती घेणार, त्यास ज्ञानेश्वरी वाचावयाची नव्हती. त्यास अर्ज, हिशेब, करारनामे वाचावयाचे होते आणि ते मोडीत असत. शिकविणाराने आधी विचारले की शिकणारास पुढे काय वाचावे लागणार, आणि मग पुस्तक केले. भाषा शिकविण्याचा हा मार्ग आज नवा म्हणून सांगितला जातो. परंतु आपल्या मराठीच्या बाबतीत त्यास दोनशे वर्षे होऊन गेली.

टेलर ह्या दोहोंपैकी एकाही विद्यालयात गेले नाहीत. ते कंपनीचे नोकर नव्हते, निजामाचे होते. त्यांच्यासाठी कोणी कोश केला नव्हता की कोणी परीक्षा नेमली नव्हती. छावणीतील इतर तरुण शिकारीत व जुगारात वेळ घालवीत असता त्यांनी हिंदुस्थानी भाषेचा अभ्यास आरंभिला. ती त्यांनी इतकी चांगली आत्मसात केली की लष्करी न्यायसभेत दुभाष्याचे काम त्यांजकडे येऊ लागले आणि वरिष्ठांचे लक्ष त्यांजकडे गेले. पुढे कामे वाढत गेली तसतशा इतर देशी भाषाही त्यांस अवगत झाल्या. दुभाष्याचे काम म्हणजे कठीण परीक्षाच म्हणावयाची. साक्षीदाराच्या एका शब्दाचा अर्थ चुकला तर शिपायाची नोकरी जाईल, कदाचित जीवही जाईल. कठीण शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून पुढे जाण्याची तेथे सोय नाही.

विशी उलटण्यापूर्वीच त्यांजकडे निजामाच्या मुलखातील नैर्ऋत्य भागाच्या पोलीस बंदोबस्ताचे काम आले. त्या मुलखात वाटसरू नाहीसे होत व प्रेते सापडत. टेलरांनी त्याचा शोध आरंभिला होता. इतक्यात हुकूम आला आणि त्यांस परत पलटणीवर जावे लागले. ठगांच्या टोळ्या उघडकीस आणण्याची कीर्ती मग कर्नल स्लीमन यांस मिळाली. काही वर्षांनी मात्र माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या कबुल्या टेलरांनी समक्ष ऐकल्या व टिपल्या, आणि त्यांवरून रचलेली एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ साली लंडनात प्रसिद्ध झाली. ती इतकी गाजली की व्हिक्टोरिया राणीने तिचे छापील फर्मे बांधणीपूर्वीच मागवून वाचले म्हणतात. पाठोपाठ १८४० साली टिपू सुलतानाविषयीची कादंबरी निघाली. मराठी वाचकांस हे नाव परके नाही, कारण हरिभाऊ आपट्यांची 'म्हैसूरचा वाघ' ही कादंबरी तिच्याच आधारे लिहिलेली आहे. १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनच्या टाइम्स पत्राचे ते हिंदुस्थानातील बातमीदारही होते.

आता सुरपूरची हकीकत सांगतो. ती आमच्या मते ह्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची आहे. आणि शिक्षक ह्या नात्याने ती आम्हांस बोचतेही.

कृष्णा व भीमा ह्यांच्या दुआबात सुरपूर म्हणून बेरड राजांचे एक संस्थान होते. तेथील राजा मरण पावला तेव्हा मुलगा वेंकटप्पा नायक अवघा सातआठ वर्षांचा होता, आणि गादीच्या कारभारावरून राणी व दीर यांत तंटा माजला होता. तो मिटविण्यास १८४० नंतर लवकरच टेलरांस पाठविण्यात आले. हातघाईचा प्रसंग असता त्यांनी तो बहुतांशी बोलण्यानेच निभावला. मग १८५३ पर्यंत ते सुरपुरासच राहिले. रस्ते केले, तलाव दुरुस्त केले. बोनाळचा मोठा तलाव त्यांच्याच हाताने वाढलेला. टेकडीवर त्यांनी बांधलेले घर टेलर मंझिल ह्या नावाने अद्याप उभे आहे. लोक त्यांस महादेव बाबा म्हणत. मेडोजचे महादेव झाले, इतकाच प्रथमदर्शनी अर्थ. परंतु लोक प्रत्येक साहेबाच्या नावाचा देव करीत नाहीत.

बालराजाच्या शिक्षणाची व्यवस्था पाहणे हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. मुलगा त्यांस अप्पा म्हणे. त्यास चांगले वळण लागावे, राज्य कसे चालवावे हे कळावे, अशी टेलरांची मनापासून इच्छा होती. पण ह्या विद्यार्थ्याने विद्येत मन घातले नाही. टेलर दोष देतात तो राणीच्या लाडांस व भोवतालच्या खुशामत्यांस. आमचे मत थोडे निराळे आहे. गुरूने जे जे वाचले ते कामाच्या निकडीने वाचले. आज तलावाचा बांध फुटतो आहे, उद्या खटला उभा राहणार आहे. शिष्यापुढे कोणती निकड होती? राज्याचे कागद टेलरच वाचीत, निर्णयही तेच देत. राजपुत्राच्या वाट्यास आले ते केवळ धडे. ज्याच्या वाचनाने दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचेच काही बिघडत किंवा सुधारत नाही, असा मुलगा पुस्तकावर का मान मोडील? एवढा व्यवहारचतुर पुरुष. पण आपण स्वतः कसे शिकलो हे शिष्याच्या बाबतीत विसरला, असे आम्हांस वाटते. आम्हीही वर्गात हेच विसरतो; ते पुढे येईलच.

१८५३ साली राजा वयात आला, संस्थान त्याच्या हवाली झाले आणि टेलरांची बदली नळदुर्गास झाली. त्याच साली निजाम सरकार व कंपनी यांमध्ये तह होऊन, फौजेच्या खर्चाची बाकी भागविण्यासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा प्रांत कंपनीच्या ताब्यात गेला होता. हा व्यवहार निजामाच्या खुशीचा नव्हता, हे इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. रयतेस तर कोणी विचारलेच नाही. अशा प्रांताचा सर्वाधिकारी म्हणून टेलर किल्ल्यात राहावयास आले, आणि १८५७ पर्यंत तेथे राहिले. नळदुर्गचा किल्ला, त्याखालील बोरीचे खोरे व धरण यांचे वर्णन त्यांनी आपल्या आत्मचरित्रात मोठ्या आवडीने केले आहे. त्यांच्या हातात जशी लेखणी होती तसा कुंचलाही होता.

त्या काळच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर काय काय येई याची आज कल्पना करणे कठीण आहे. इनामाचा एकच वाद घ्या. समजा, दोन घराणी एका शेतावर हक्क सांगत आहेत. एक जण जुनी सनद पुढे करतो. कागद मोडी. मोडी लिहिणारा लेखणी फारशी उचलीत नाही. वर आडवी रेघ ओढून तिला शब्द टांगत जातो, आणि कोठे एक शब्द संपून दुसरा लागला हे नवख्यास उमगत नाही. आरंभी बिरुदे व नमस्कार. साल आकड्यांत नव्हे, तर अक्षरांत, आणि तेही अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेले. जो मनुष्य ही सनद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारख्याच लक्षाने वाचील, तो दुपारपर्यंत बिरुदांतच राहील. जाणता मनुष्य आधी प्रश्न ठरवितो: देणारा कोण, घेणारा कोण, साल कोणते, गाव व शेत कोणते, चतुःसीमा काय, शिक्का कोणाचा? मग त्याचे डोळे कागदावर ह्या सहा गोष्टी हुडकीत फिरतात. त्या सापडल्या की तेथे तो गाडी थांबवितो, शब्द न् शब्द तोलतो, शाईचा रंगसुद्धा पाहतो. उरलेल्या मजकुरावरून तो भरभर जातो. आपल्या गावोगावचे कारकून व कुळकर्णी हे पिढ्यान् पिढ्या करीत आले, आणि कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात ते त्यांनी वाचलेले नव्हते.

टेलरांस हे सर्व करून शिवाय इंग्रजी पुस्तकांचीही तीच गत करावी लागली. न्याय द्यावयाचा म्हणून कायदा वाचला. सारा बसवावयाचा म्हणून मोजणीची विद्या. रस्ते, तलाव बांधावयाचे म्हणून स्थापत्य. ह्या मुलखातील दगड व माती कशी म्हणून भूगर्भशास्त्र. जुन्या इमारती व शिळास्मारके पाहावयाची म्हणून पुराणवस्तूंचे शास्त्र. भीमेच्या बाजूस जेवर्गीजवळील प्राचीन दफनस्थाने खणून त्यांनी त्यांवर विद्वत्सभेपुढे निबंध ठेवले. ह्यांतील एकाही विद्येची पदवी त्यांजपाशी नव्हती. पण ती प्रत्येक विद्या त्यांनी हातात एखादे काम घेऊनच वाचली, आणि वाचलेले खरे की खोटे हे लगेच जमिनीवर पडताळून पाहिले. मोजणीच्या पुस्तकात कोन चुकीचा समजला तर साखळी दुसऱ्या टोकास जुळत नाही. ती परीक्षा विद्यापीठाच्या परीक्षेहून सोपी नव्हे.

येथे आमचा स्वतःचा एक अनुभव सांगितल्यास वाचक क्षमा करतील. आम्ही कित्येक वर्षे इंग्रजी शिकवीत आलो आहोत. आमची पद्धत ठरलेली होती: धडा मोठ्याने वाचावयाचा, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहावयाचे, मुलांनी ते वहीत उतरून पाठ करावयाचे, मग धड्याखालील प्रश्न. निकालही चांगला लागे. काही वर्षांमागे आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. इंग्रजीत त्यास चांगले गुण होते. त्याच्या वडिलांनी विहिरीवर नवीन पंप बसविला होता. त्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती, आणि पंप तर सारखा बंद पडत होता. मुलगा दोन रात्री शब्दकोश घेऊन बसला होता. पहिल्या पानापासून त्याने सुरुवात केली होती आणि तिसऱ्या पानापर्यंत पोहोचला होता. पहिली तीन पाने कंपनीच्या अभिनंदनाची व सर्वसाधारण सूचनांची होती! पंप का बंद पडतो याचे कोष्टक शेवटून दुसऱ्या पानावर होते. आम्ही ते त्यास दाखविले. एका ओळीत लक्षण, समोर कारण, त्यासमोर उपाय. मुलास त्यातील बहुतेक शब्द येत होते. त्यास इंग्रजी येत नव्हते असे नव्हे. पुस्तकात शिरावे कसे हे त्यास आम्ही शिकविले नव्हते.

त्या रात्री आम्हांस चांगलीशी झोप आली नाही. शाळेतून बाहेर पडलेली मुले कोणी तंत्रनिकेतनात जातात, कोणी परिचारिकेचा अभ्यासक्रम घेतात, कोणी दुकानात वा कारखान्यात लागतात. त्यांच्यापुढे इंग्रजी येते ते कवितेच्या रूपाने नव्हे. औषधाच्या वेष्टनातील बारीक अक्षरांचा कागद, यंत्राची पुस्तिका, बँकेचा अर्ज, विम्याच्या अटी. ह्या प्रत्येक कागदाची मांडणी निराळी. औषधाच्या कागदात किती घ्यावे हे एका ठिकाणी असते, कोणी घेऊ नये हे दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही वाचली नाहीत तर अनर्थ. म्हणून पुढील वर्षापासून आम्ही आठवड्यातील एक तास वेगळा काढला. आधी प्रश्न फळ्यावर, नंतर कागद हातात. मथळे पाहावयाचे, कोष्टके व चित्रे पाहावयाची, जेथे उत्तर असण्याचा संभव तेथेच थांबावयाचे, आणि तेथे मात्र एकही शब्द सोडावयाचा नाही. जो शब्द अडतो त्याचा अर्थ आधी आजूबाजूच्या वाक्यावरून काढून पाहावयाचा, कोश शेवटी. काही पालकांनी तक्रार केली की, मास्तर धडा सोडून खताच्या पिशव्या वाचावयास लावतात. तक्रार खरी आहे. खताची पिशवी आम्ही वर्गात नेली होती.

ह्याचा अर्थ कथाकाव्ये टाकून द्यावी असा कोणी करू नये. टेलरांनी कायदा व मोजणी वाचली म्हणून त्यांचे मन कोरडे पडले नाही. उलट आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जे ललित लेखन केले, ते ह्याच रुक्ष कागदांत व ह्याच उन्हातान्हात भेटलेल्या माणसांतून उगवलेले आहे.

१८५७ चे बंड उसळले त्या साली त्यांस नळदुर्गाहून वऱ्हाडात बुलढाण्याच्या बाजूस पाठविण्यात आले. सैन्य देण्यास नव्हते. त्या अफवांच्या दिवसांत त्यांनी फौजेवाचून तो प्रांत शांत राखला. त्यांची एवढी ओळख, एवढा भाषांचा परिचय तेथे उपयोगी पडला असला पाहिजे. परंतु सुरपुराहून वाईट बातमी आली. तरुण राजा वेंकटप्पा नायकाने १८५८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. पराभव होऊन तो पकडला गेला व त्यास कैदेत ठेवण्यात आले. टेलर त्यास भेटले. अप्पा म्हणून हाक मारणारा तोच मुलगा, आता बेड्यांत. प्रथम त्यास मृत्यूची शिक्षा झाली; ती कमी होत होत शेवटी चार वर्षांच्या कैदेवर आली, आणि त्यानंतर संस्थान परत मिळण्याची आशाही होती. पण मद्रासेकडे नेत असता वाटेत, पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजाचा अंत झाला. वय अवघे चोवीस. आज सुरपूरचे लोक त्यास स्वातंत्र्यवीर मानतात व त्याचे स्मरण करतात, आणि आम्हांस त्यात काही गैर दिसत नाही. टेलरांनी मात्र त्याच्याविषयी लिहिले ते पोटच्या मुलाविषयी लिहावे तसे. एकाच माणसाकडे पाहण्याच्या ह्या दोन दृष्टी आहेत. विद्यार्थ्यांनी दोन्ही ठाऊक करून घ्याव्या.

प्रकृती ढासळल्यामुळे १८६० साली टेलर नोकरी सोडून मायदेशी गेले. त्याच साली नळदुर्गचा प्रांतही निजामास परत मिळाला. पुढे १९०४ साली जिल्ह्याचे ठाणे धाराशिवास गेले आणि नळदुर्गचे महत्त्व ओसरले. इकडे टेलर घरी स्वस्थ बसले नाहीत. शंभर शंभर वर्षांच्या अंतराने घडलेल्या तीन उलथापालथींवर त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या. १८६३ सालची 'तारा' ही १६५७ च्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या उदयकाळाची. तिची नायिका आपल्या तुळजापूरची. 'राल्फ डार्नेल' (१८६५) ही प्लासीच्या १७५७ ची व 'सीता' (१८७२) ही १८५७ ची. तुळजापूर त्यांच्या नळदुर्ग प्रांतातलेच. तेथील घाट, देऊळ, यात्रा त्यांनी अधिकारी म्हणून पाहिलेली होती. १८७० साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थानच्या इतिहासाचे एक पाठ्यपुस्तकही केले. ज्यास शाळा पुरती मिळाली नाही त्याने शाळांसाठी पुस्तक लिहावे, ह्याचे आम्हांस फार कौतुक वाटते; मात्र त्यातील कित्येक मते आज टिकणारी नाहीत, हेही सांगून ठेवतो.

शेवटची गोष्ट दुःखाची आहे. आयुष्यभर ज्या डोळ्यांनी एवढे कागद वाचले ते डोळेच गेले. १८७५ साली दृष्टी नाहीशी झाली असता त्यांनी पुन्हा एकदा हिंदुस्थानचा प्रवास केला आणि आपल्या जुन्या हैदराबादेस आले. तेथे तापाने गाठले. परतीच्या वाटेवर, फ्रान्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेंतों गावी, १३ मे १८७६ रोजी ते वारले. कन्येने संपादिलेले त्यांचे आत्मचरित्र १८७७ साली बाहेर पडले, आणि चांदबिबीवरील शेवटची कादंबरी १८७८ साली.

त्या आत्मचरित्रातील नळदुर्गच्या वर्णनाची दोन पाने आम्ही यंदा नववीच्या वर्गास वेगळ्या तासाला दिली. प्रश्न एकच होता: हे लिहिणारा मनुष्य किल्ल्यात कोठे उभा राहून पाहत असावा? इंग्रजी जुने आणि वाक्ये लांबलचक. प्रथम पुष्कळांनी तोंडे वाकडी केली. मग एकाने नदीचे नाव हुडकले, दुसऱ्याने धरण, तिसऱ्या मुलीने खडकाच्या कड्याचे वर्णन वाचून वहीत आकृती काढली. तीन गट झाले व तीन जागा ठरल्या. आम्ही निवाडा दिला नाही. डिसेंबरात सहल नेली तेव्हा तिन्ही गट छापील पाने हातात घेऊन बुरुजांवरून फिरत होते आणि एकमेकांशी तावातावाने भांडत होते. डबे उघडण्यास त्या दिवशी अडीच वाजले.